वाटाण्याचा वेल आणि फ्रेमचा हिशोब

दादासाहेब फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, पण नुसत्या बोलण्यावर पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि बी फुटून वेल चढेपर्यंतची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणारे भेटले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

या गोष्टीला चिकटलेला एक तपशील मात्र मला पटत नाही. म्हणे रोज एक फ्रेम, असं महिनाभर, आणि तयार झाली मिनिटाहून थोडी मोठी फिल्म. तेव्हा पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रं सरकत. महिन्याच्या ३० फ्रेम म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम निघत; रोज एक पूर्ण फेरा धरला तरी पंधरा सेकंद. मिनिटभरासाठी ९६० फ्रेम हव्यात, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक. फाळक्यांनी जे केलं ते सांगोवांगीत आहे त्यापेक्षा बरंच कष्टाचं असणार.

हा निव्वळ चिकित्सकपणा नाही. दोन फ्रेममध्ये किती वेळ सोडायचा, यावर कोणतं झाड दिसणार ते ठरतं. घेवड्याच्या वेलाचा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरतो आणि सुमारे दोन तासांत एक फेरी पुरी करतो. रोज एकच फ्रेम घेतली तर ही फेरी दिसतच नाही. शेंडा आज इकडे, उद्या तिकडे उडी मारल्यासारखा वाटतो. दर दहा मिनिटांना एक घेतली, तर फेरीच्या बारा फ्रेम मिळतात आणि वेल चाचपडत पुढे जाताना दिसतो.

हे फिरणं कॅमेऱ्याच्या आधीच हाताने मोजून झालं होतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस शेंड्याला लाखेने काचेचा केसाएवढा तंतू चिकटवत. तंतूच्या टोकाला काळ्या लाखेचा मणी, त्याच्यामागे काठीवर काळा ठिपका असलेलं कार्ड, आणि समोर उभी काच. मणी आणि ठिपका एका रेषेत दिसले की काचेवर शाईचा टिंब द्यायचा. थोड्या वेळाने पुन्हा यायचं, पुन्हा टिंब. शेवटी टिंब रेषांनी जोडायचे. १८८० च्या त्यांच्या ग्रंथात अशा वेड्यावाकड्या आकृत्या भरलेल्या आहेत. टाइम-लॅप्सचं, म्हणजे ठरावीक अंतराने चित्रं घेऊन ती वेगाने दाखवण्याचं, तत्त्व त्यात पुरतं आलेलं आहे. नव्हती ती फक्त फिल्म.

ती लाइपझिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांना मिळाली. १८९८ ते १९०० दरम्यान त्यांनी ट्यूलिपचं उमलणं, लाजाळूच्या पानांचं मिटणं-उघडणं आणि घेवड्यासारख्या शेंगवर्गीय रोपाच्या मुळाची वाढ टिपली. हेतू विद्यार्थ्यांना शिकवण्याचा होता. तमाशा करून दाखवला तो लंडनच्या पर्सी स्मिथने. हा शिक्षण खात्यातला कारकून. त्याची फुलं उमलण्याची फिल्म १९१० साली आली. यंत्र बंद पडलं तर झोपेतून जाग यावी म्हणून त्याने घरात घंटा बसवल्या होत्या. जर्मनीत बीएएसएफ या कंपनीने खताच्या प्रचारासाठी रोपांचं चित्रण करवून घेतलं आणि त्यातूनच १९२६ साली पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. खतवाल्यांच्या पैशातून अशी देखणी चीज निघावी, हे मजेशीर आहे.

व्हिडिओ आला तेव्हा काम सोपं होईल असं वाटलं होतं. उलट अडलं. फिल्मचा कॅमेरा एक फ्रेम घेऊन थांबू शकतो. टेप मात्र पळती हवी, टेपवर चित्र उमटवणारा ड्रम पूर्ण वेगात फिरता हवा, तरच चित्र नीट उमटतं. दुकानांवर पाळत ठेवणारे खास व्हीसीआर तीन तासांची कॅसेट ९६० तासांपर्यंत ताणत, आणि प्रयोगशाळांनी ते पेशींची हालचाल टिपायला वापरलेही. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये ‘इंटरव्हल रेकॉर्डिंग’ असे, पण बऱ्याच मॉडेलांत दर वेळी कमीत कमी अर्धा सेकंद टेप चाले. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या, आपल्याकडच्या पाल व्हिडिओ पद्धतीत बारा-तेरा जवळजवळ सारख्याच फ्रेम, मग धक्का, मग पुन्हा तेच. दर दहा मिनिटांना अर्धा सेकंद घेतला तर दहा दिवसांचं बारा मिनिटं चित्रण होई. ते कॉम्प्युटरवर घेऊन बारापट वेगाने चालवलं की मिनिटभराची गुळगुळीत वाढ मिळे.

रात्रीच्या उजेडाचं दुखणं मात्र व्हिडिओने सोडवलं. अंधारात चित्र घ्यायचं तर दिवा हवा, आणि पांढऱ्या दिव्यातल्या निळ्या प्रकाशाकडे रोप वळतं. चित्रणच प्रयोग बिघडवतं. इन्फ्रारेड प्रकाशाकडे रोप वळत नाही, व्हिडिओच्या सेन्सरला मात्र तो दिसतो. सोनीने १९९८ पासून हँडीकॅममध्ये नाइटशॉट दिला तेव्हा ही सोय घरगुती कॅमेऱ्यात आली.

आता हे काम मोबाइलवर आलं आहे, पण जुनं भांडण तिथेही आहे. आयफोनचा तयार टाइम-लॅप्स, जो २०१४ मध्ये आला, सुरुवातीला सेकंदाला दोन फ्रेम घेतो आणि चित्रण लांबेल तशा मधल्या फ्रेम गाळत जातो, म्हणजे क्लिप अर्ध्या मिनिटाच्या आसपास राहते. ढगांना ते चालतं. वेलाला चालत नाही, कारण दोन फ्रेममधलं अंतर आपल्या हातात उरत नाही. म्हणून रोपांवर काम करणारे अजूनही वेगळं अ‍ॅप किंवा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने कॅमेऱ्याचं बटण दाबणारं उपकरण) लावून, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करून, दर दहा-पंधरा मिनिटांना एक स्थिरचित्र घेतात.