मांसोत्पादक गुरांचा आहार, वाढ व मिथेन

मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या खाद्यातील काही ऊर्जा अंगी न लागता मिथेन वायू होऊन ढेकरेवाटे निघून जाते. मुख्यतः चाऱ्यावर वाढणाऱ्या जनावरात हा तोटा एकूण ऊर्जेच्या ६ ते ७ टक्के, तर ९० टक्क्यांहून अधिक धान्याच्या खुराकावर सुमारे ३ टक्के धरतात.

कोठीपोटातील (गुरांच्या जठराचा सर्वांत मोठा कप्पा) सूक्ष्मजीव खाद्य आंबवतात. तंतुमय चाऱ्यापासून ॲसिटिक आम्ल जास्त होते आणि हायड्रोजन सुटतो. मिथेनजनक सूक्ष्मजीव त्याचा कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग घडवून मिथेन तयार करतात. धान्यातील स्टार्चपासून होणारे प्रोपिऑनिक आम्ल मात्र हायड्रोजन खर्ची घालते, म्हणून मिथेन कमी होतो.

नुसता दिवसाचा वायू मोजला तर फसगत होते. ९ किलो शुष्क (ओलावा वगळून मोजलेले) खाद्य खाणारे जनावर, किलोला २० ग्रॅम धरल्यास, रोज १८० ग्रॅम मिथेन सोडते. रोजची वजनवाढ ४०० ग्रॅम असेल तर वाढीच्या एका किलोमागे ४५० ग्रॅम मिथेन पडतो. ९०० ग्रॅम असेल तर २००. वाढ खुंटलेले जनावरही वायू सोडतच राहते.

म्हणून पहिला उपाय चाऱ्याचा दर्जा. गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापावे. नंतर लिग्निन (न पचणारा काष्ठमय घटक) वाढून पचन घटते. चाऱ्यात प्रथिने ७ टक्क्यांखाली गेली की सूक्ष्मजीव उपाशी पडतात आणि जनावर खाणेच कमी करते. ही उणीव भरून काढण्यासाठी १०० किलो वाळल्या पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, थर दाबून २१ दिवस हवाबंद ठेवावा. उघडल्यावर अमोनियाचा उग्र दर्प आला पाहिजे. तो उडून जाईपर्यंत पेंढा पसरून ठेवावा. बुरशी धरलेला भाग टाकून द्यावा.

दुसरा उपाय धान्य, पण ते २ ते ३ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावे. घाई केल्यास कोठीपोटाचा सामू (पीएच, आम्लतेचे माप) ५.६ खाली उतरतो, म्हणजे आम्लता वाढते: जनावर खाद्य सोडते, शेण पातळ व फेसाळ होते, पुढे लंगडेपणा आणि यकृतात गळवे. शिवाय धान्य पिकवण्याचे उत्सर्जन हिशेबात धरायलाच हवे.

सरकी, जवस यांतील तेलानेही मिथेन घटतो, पण एकूण स्निग्धांश शुष्क खाद्याच्या ६ टक्क्यांपुढे गेल्यास तंतूंचे पचन बिघडते. ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हे द्रव्य मिथेन बनवणारे शेवटचे विकरच (एन्झाइम) अडवते. मात्र त्याचा प्रभाव काही तासांतच ओसरतो, त्यामुळे ते खाद्यात नीट मिसळून घासागणिक पोटात जावे लागते. मोकळ्या कुरणावर चरणाऱ्या गुरांत नेमके हेच साधत नाही.