स्वल्पविरामाचा अर्थ कोण ठरवतं?

सीएसव्ही फाइल म्हणजे साधा मजकूर: एका ओळीत एक नोंद, दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. ती वाचायला वेगळी लायब्ररी (प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) कशाला, स्वल्पविराम दिसला की ओळ तोडली म्हणजे झालं, असं कुणालाही वाटेल. पण रकान्यात पत्ता आला की हे गणित बिघडतं. पत्त्याच्या पोटातच स्वल्पविराम असतात.

म्हणून असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. मजकुरातच अवतरणचिन्ह असेल, तर ते दोनदा लिहितात. अवतरणाच्या आत नवी ओळही चालते, त्यामुळे ‘एक ओळ, एक नोंद’ हेसुद्धा खरं उरत नाही. कित्येक दशकं वापरात असलेले हे संकेत आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदले गेले ते थेट ऑक्टोबर २००५मध्ये. तोवर वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांनी आपापली बोली रूढ केली होती.

पार्सर, म्हणजे लायब्ररीतला रकाने सुटे करणारा भाग, एकेक अक्षर वाचत पुढे सरकतो आणि आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, हे लक्षात ठेवतो. बाहेर भेटलेला स्वल्पविराम रकाना संपवतो, आत भेटलेला नुसता मजकूर ठरतो. आत असताना अवतरणचिन्ह आलं, तर मात्र लगेच निकाल देता येत नाही. पुढचं अक्षर पाहावं लागतं. तेही अवतरणचिन्ह असेल तर दोन्ही मिळून मजकुरातलं एकच चिन्ह, नाहीतर अवतरण तिथं संपलं. इतक्या थोड्या स्मरणावर कितीही मोठ्या फाइलीच्या सीमा अचूक ओळखता येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रकाने सुटे झाले की प्रश्न अर्थाचा. मानवी जनुकाचं ‘सेप्ट२’ हे नाव एक्सेल तारीख समजून २ सप्टेंबर करून टाकत असे. हे इतकं वाढलं, की जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी नावंच बदलली. त्याचे नियम २०२०मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘सेप्ट२’चं ‘सेप्टिन२’ झालं. याउलट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली सीएसव्हीची लायब्ररी, म्हणजे तिचं सीएसव्ही मॉड्यूल, प्रत्येक रकाना एरवी मजकूर म्हणूनच हाती देतं. अंदाज न बांधण्याचा हा संयम मला मोलाचा वाटतो.

अशी लायब्ररी मुक्तस्रोत असली, म्हणजे तिचा कोड कुणालाही पाहता-सुधारता आला, की एखाद्याला सापडलेली विचित्र फाइल सगळ्यांच्या कामी येते. काही फाइलींच्या सुरुवातीला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची खूण म्हणून तीन अदृश्य बाइट असतात. ते न वगळल्यास पहिल्या रकान्याचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही प्रोग्रामला सापडत नाही. अशी फाइल कुणी कळवली, की दुरुस्तीसोबत तिची चाचणीही लायब्ररीत जोडली जाते आणि पुढच्या प्रत्येक बदलानंतर ती चालवली जाते.