जुन्या गाडीचं कुलूपही जुनंच

१९६५ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीला आज कितीही जीव लावला, रंग आणि क्रोम नव्यासारखं झळकवलं, तरी तिचं कुलूप १९६५ चंच राहतं. क्लासिक गाड्यांच्या चोरीचा इतिहास पाहायचा तर सुरुवात इथून करावी लागते. गेल्या शंभर वर्षांत चोरांना रोखण्यासाठी जे शोध लागले आणि जे कायदे झाले, ते जवळपास सगळे त्या-त्या काळातल्या नव्या गाड्यांसाठी होते. जुनी गाडी दरवेळी मागे राहिली आणि तिला सांभाळायची जबाबदारी एकट्या मालकावर येऊन पडली.

मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या सुरू करणं हेच अवघड काम होतं. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीचा स्पार्क, म्हणजे इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ, आधी मागे घ्यायचा, थ्रॉटल बेताचा उघडायचा आणि मग पुढे जाऊन हँडल मारायचं. अंदाज चुकला तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. ही कसरत ज्याला जमायची, त्याला गाडी न्यायला फारसा अडथळा नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि गाडी सुरू करणं सगळ्यांच्याच आवाक्यात आलं, चोरांच्याही. मॉडेल टीच्या इग्निशनला चावी होती खरी, पण दीड कोटीच्या आसपास गाड्या आणि चाव्यांचे प्रकार अगदी मोजके. शिवाय चावीचा नंबर स्विचवरही उठवलेला असे. तो वाचला की कोणती चावी लागेल ते कळायचं.

अमेरिकेत चोऱ्या इतक्या वाढल्या की १९१९ मध्ये केंद्रीय कायदा करावा लागला. मिसुरीचे काँग्रेस सदस्य लिओनिदास डायर यांच्या नावावरून तो डायर कायदा म्हणून ओळखला जातो. चोरीची गाडी राज्याची सीमा ओलांडून नेली तर पाच वर्षांपर्यंत कैद. बँक लुटारू जॉन डिलिंजर मार्च १९३४ मध्ये इंडियानातल्या तुरुंगातून शेरीफचीच गाडी घेऊन इलिनॉयमध्ये पळाला. केंद्रीय तपास यंत्रणेला त्याच्यामागे लागता आलं ते याच कायद्यामुळे.

कारखान्यांनीही हातपाय हलवले. १९२८ च्या फोर्ड मॉडेल एमध्ये इग्निशन स्विचपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची (ठिणगी एकेका प्लगला वाटून देणाऱ्या भागापर्यंतची) वायर पोलादी आवरणातून नेलेली होती. चोराला ती सहजी कापता येऊ नये, हा हेतू. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण जुन्या गाडीचं दुखणं तिथे नेमकं ओळखलं होतं. पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या जुन्या इग्निशनमध्ये चावी फक्त बॅटरीचा करंट कॉइलपर्यंत, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या भागापर्यंत, जाऊ देते. चावी अस्सल आहे की नाही हे इंजिनाला कळत नाही, करंट आला की ते चालतं. १९४९ मध्ये क्रायस्लरने चावी फिरवूनच स्टार्टर चालवायची सोय आणली आणि वेगळं बटण गेलं. सोय वाढली, सुरक्षितता होती तेवढीच राहिली.

मालकाने स्वतःच्या हाताने करायच्या उपायांमध्ये सर्वांत गाजलेला उपाय मात्र युद्धाने दिला. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनला जर्मन सैन्य उतरण्याची धास्ती होती. शत्रूला आयती वाहनं मिळू नयेत म्हणून सरकारने हुकूम काढला, की गाडी सोडून जाताना ती चालू होणार नाही अशी करूनच जायचं. दाराला कुलूप लावून भागणार नव्हतं. मग लोक डिस्ट्रिब्युटरमधला रोटर, म्हणजे ठिणगी प्लगांकडे वळवणारा फिरता तुकडा, काढून बरोबर नेऊ लागले. अंगठ्याच्या पेराएवढा बॅकेलाइटचा तुकडा, वर पितळेची पट्टी. बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन क्लिपा बोटाने सोडायच्या, टोपी बाजूला करायची आणि रोटर सरळ वर ओढायचा. तो खिशात घातला की स्टार्टर कितीही फिरवा, ठिणगी प्लगपर्यंत पोहोचतच नाही. गाडीला एक भोक पाडावं लागत नाही की एक वायर कापावी लागत नाही. म्हणूनच जुन्या गाड्यांचे मालक आजही हा उपाय करतात. ठरवून आलेल्या चोराच्या खिशात जादा रोटर असू शकतो, हे मात्र धरून चालायला हवं.

पुढचं मोठं वळण चावी काढली की स्टिअरिंग अडकवून ठेवणाऱ्या स्टिअरिंग लॉकचं, आणि क्लासिक गाड्यांच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सक्तीचा केला, तोही नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांना. चोऱ्या झपाट्याने उतरल्या आणि खालीच राहिल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना लॉक आले. ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी काही वर्षांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं, की नव्या गाड्यांची चोरी घटली होती, एकूण चोरी मात्र घटली नव्हती. चोर बिनलॉकच्या जुन्या गाड्यांकडे वळले होते. अमेरिकेनेही १९७० पासून जो नियम केला तो नव्या गाड्यांपुरता. साठच्या दशकातल्या ज्या गाड्यांवर आज लोक जीव टाकतात, त्यांतल्या बहुतेकींना हा लॉक कधी मिळालाच नाही.

अलार्म, बॉनेटची कुलपं, स्टिअरिंगवर आडवा बसवायचा पोलादी दांडा हे सगळं नंतरच्या वर्षांत बाजारात आलं. दांड्याचा मुख्य उपयोग म्हणजे तो बाहेरून दिसतो. जुन्या स्टिअरिंगची कडा बारीक असते, ती करवतीने कापली की दांडा निघतो. म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यात छोटा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा देणारा तुकडा) आला आणि चावी कोणती हे गाडी पहिल्यांदाच विचारू लागली. त्यातून पुढे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरूच न होऊ देणारा इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर आला. युरोपात तो ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून. अमेरिकेत १९९१ साली साडेसोळा लाखांवर वाहनं चोरीला गेली होती, तो आकडा पुढच्या दोन दशकांत खूप खाली आला. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी इमोबिलायझरचा हिशेब मांडला तेव्हा तिथेही तीच खूण सापडली: एकूण चोरी घटली, पण तिचा काही भाग हे यंत्र नसलेल्या गाड्यांवर सरकला.

याच काळात चोरीचा हेतूही बदलला. पूर्वी जुनी गाडी बहुधा फेरफटका मारायला किंवा दुसऱ्या गुन्ह्यासाठी उचलली जायची आणि कुठेतरी टाकून दिलेली सापडायची. क्लासिक गाड्यांना मोल आलं, सुटे भाग मिळेनासे झाले, तशी ती विकण्यासाठी आणि सुटी करण्यासाठी जाऊ लागली. मूळ लँड रोव्हर डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं. आता तिची दारं आणि बॉनेटसुद्धा चोरांना हवी असतात. अशा चोराला गाडी सुरू करायचीही गरज नसते, तो ती ट्रेलरवर चढवून नेतो. इथे स्टिअरिंग लॉक आणि खिशातला रोटर दोन्ही अपुरे पडतात. चाकाला क्लॅम्प, जमिनीत पक्का केलेला आकडा आणि साखळी, किंवा सरळ दुसरी गाडी आडवी लावणं हेच उपयोगी पडतं.

मालकाची खरी घालमेल मूळ रूप जपण्यावरून होते. डॅशबोर्डला भोक पाडून स्विच बसवला तर गाडीचं मूळपण जातं आणि किंमतही. त्यामुळे ज्या गोष्टी पुन्हा काढता येतात त्याच लावाव्यात, असं माझं ठाम मत आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर बसणारा कट-ऑफ हा त्यातला सर्वांत साधा. पेट्रोल बंद करणारा छुपा कॉक आणखी चकवतो, कारण कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि मग रस्त्यातच बंद पडते. गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर घेताना जुन्या गाडीची वीज आधी पाहावी. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचं यंत्र चालत नाही, आणि आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ट्रॅकर हळूहळू पिऊन टाकतो. स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर अशा गाडीला बरा.

एवढं करूनही गाडी गेली, तर ती परत आणतात नंबर आणि कागद. १७ अक्षरी एकसारखा वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. तरीही जुने नंबर काम करतात. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १९६९ मध्ये चोरीला गेलेली १९६८ ची कॉर्व्हेट ३७ वर्षांनी मालकाला मिळाली. ती स्वीडनला पाठवली जात असताना कॅलिफोर्नियात नंबर तपासला गेला आणि मग न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९६९ च्या मायक्रोफिल्मवरच्या नोंदी एकेक करून चाळल्या. १९९५ मध्ये इमोला इथून गेलेली शर्यतपटू गेरहार्ड बर्गर यांची फेरारी जपानमार्गे ब्रिटनमध्ये पोहोचली होती. विक्रीपूर्वी कंपनीने नंबर पडताळला तेव्हा छडा लागला आणि २०२४ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ती मिळवल्याचं जाहीर केलं.

१९७० मध्ये फिलाडेल्फियातून गेलेली ऑस्टिन-हीली तिच्या मालकाला २०१२ मध्ये ईबेवर विक्रीला ठेवलेली दिसली. त्याच्याकडे मूळ कागद होते, पण पोलिसांच्या नोंदीत वाहन क्रमांक चुकीचा चढला होता, त्यामुळे ती चोरीची गाडी म्हणून आधी पकडलीच जात नव्हती. म्हणून चासीवरचा, इंजिनावरचा आणि नंबर पट्टीवरचा क्रमांक वहीत उतरवून थांबू नये. घाण पुसून, बाजूने प्रकाश टाकून त्यांचे जवळून फोटो घ्यावेत. जोडीला खालच्या बाजूची जुनी वेल्डिंग, बुजवलेली भोकं, दाराच्या आतला मूळ रंग हेही टिपून ठेवावं. नंबरपट्टी बदलता येते, पण या खुणा कुठे आहेत हे नव्या चोराला माहीत नसतं. फोटोंचा एक संच गाडीपासून दूर, दुसऱ्या ठिकाणी ठेवावा. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये असतील तर ते गाडीबरोबरच जातात.