वात आणि चळ: डेलिरियमला डिमेन्शिया म्हणू नका

‘बाबांना परवापासून डिमेन्शिया झालाय.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ‘परवापासून’ हा शब्द कानावर पडताच माझ्या पोटात गोळा येतो. डिमेन्शिया परवापासून होत नाही. परवापर्यंत ठीक असलेलं माणूस आज घरच्यांना परकं समजत असेल, तर ते दुसरंच काहीतरी आहे. त्याला डेलिरियम म्हणतात, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक भान हरपणं, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

जुन्या मराठीत ही गल्लत नव्हती. तापाच्या भरात कुणी बरळायला लागलं की घरातले मोठे म्हणायचे, ‘वात झालाय.’ म्हातारपणी हळूहळू बुद्धी ढळत गेली तर म्हणायचे, ‘चळ लागला.’ ‘म्हातारचळ’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही, त्यात माणसाची किंमत कमी होते. पण निदान दोन गोष्टींना दोन नावं होती. वात म्हटलं की धावपळ व्हायची, चळ म्हटलं की सांभाळून घेणं सुरू व्हायचं. आता दोन्हींवर डिमेन्शियाचा एकच शिक्का बसतो, आणि धावपळ करायची त्या वेळी लोक सांभाळून घेत बसतात.

डिमेन्शियाबद्दल तुम्ही भरपूर वाचलेलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. मेंदूतल्या पेशींचं नुकसान महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं होत राहतं. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात बहुधा आधी ताजं विसरतं, जुनं टिकून राहतं. मग हिशेब, ओळखीची वाट, नेमका शब्द, आणि पुढे अंघोळ-कपड्यांसारखी रोजची कामं हातातून सुटत जातात. ‘नेमकं कधी सुरू झालं?’ असं विचारलं तर घरच्यांना तारीख सांगता येत नाही. डेलिरियममध्ये बहुतेकदा वार सांगता येतो, कधीकधी वेळसुद्धा.

नसलेली माणसं दिसणं, संशय, चिडचिड, रात्री जागं राहून दिवसा झोपणं, उठून चालू लागणं या गोष्टी दोन्हीकडे असतात. त्यांवरून काही ठरवू नका.

खरी चूक होते ती पुढे. घरचे लोक आठवण तपासत बसतात. ‘मी कोण, सांगा बरं?’ ‘आज वार कोणता?’ ‘नातवाचं नाव काय?’ भेटायला येणारा प्रत्येक जण पलंगाशेजारी उभं राहून ही परीक्षा घेतो, आणि मला ते बघवत नाही. घाबरलेल्या माणसाला त्याने आणखी घाबरवल्यासारखं होतं, आणि त्यातून कळत काहीच नाही, कारण विसरणं दोन्हीकडे आहे. डेलिरियममध्ये आधी जातं ते अवधान, म्हणजे समोरच्या गोष्टीवर मन धरून ठेवण्याची ताकद. तुम्ही प्रश्न विचारता, ते उत्तर द्यायला लागतात आणि अर्ध्यावर नजर छताकडे जाते. एक वाक्य दुसऱ्याला जोडलं जात नाही. घास तोंडात तसाच राहतो. आठवण असते, पण तिच्यापर्यंत पोचायला लागणारं भान तेवढा वेळ टिकत नाही.

हे घरी पाहता येतं. त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... जमलं तर वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे. डिमेन्शियाच्या सुरुवातीच्या काळातलं माणूस हे बहुधा सावकाश का होईना करतं, निदान आपण काय करतोय याचा धागा धरून ठेवतं. डेलिरियममधलं माणूस दोन-तीन वारांनंतर थांबतं, सुलटं म्हणू लागतं किंवा भलतंच बोलतं. यावरून निदान होत नाही, पण कालपर्यंत जमत होतं आणि आज जमत नाही, एवढं कळलं तरी पुरेसं आहे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे हेलकावा. डेलिरियम दिवसभर एकसारखा राहत नाही. पहाटे तीनला आई भिंतीवरच्या मुंग्या झाडत असते, आणि सकाळी दहाला डॉक्टर येतात तेव्हा नीट नमस्कार करून ‘बरं वाटतंय’ म्हणते. डॉक्टर जातात, दुपारी चारला पुन्हा तेच. मग घरच्यांनाच वाटतं की आपण उगाच बाऊ करतोय, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘मुद्दाम करते’. मुद्दाम कुणी करत नाही. वेळ टिपून ठेवा: आई किती वाजता काय बोलली, कधी शुद्धीत होती. अमेरिकेतल्या डॉ. शेरॉन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली डेलिरियम ओळखण्याची जी पद्धत मांडली, ती आज जगभरच्या रुग्णालयांत वापरतात. अचानक झालेला, वरखाली होणारा बदल आणि अवधान सुटणं या दोन गोष्टी त्यात असाव्याच लागतात; त्यांच्या जोडीला विस्कळीत विचार किंवा बदललेली जागरूकता यांपैकी एक. यातली पहिली गोष्ट डॉक्टरांना स्वतः पाहता येत नाही. ती घरच्यांनीच सांगायची असते.

आणि आता माझ्या मनावर अजून ओझं असलेली गोष्ट. डेलिरियम म्हटलं की आरडाओरडा करणारं, सलाईन उपटून टाकणारं माणूस डोळ्यांसमोर येतं. पण गप्प पडून राहणाराही डेलिरियम असतो, आणि म्हाताऱ्या माणसांत तो फार आढळतो. माझ्या आईला चार वर्षांपासून डिमेन्शिया होता. संध्याकाळ झाली की ती ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभी राहायची, रात्र रात्र बोलायची. मग एका आठवड्यात ती शांत झाली. झोपू लागली, हाक मारली तर डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. आम्ही सगळे थकलेलो होतो; आम्हाला हायसं वाटलं. ‘आता जरा निवलीय,’ असं मीच फोनवर सांगितलं. चौथ्या दिवशी छातीचा एक्स-रे झाला तेव्हा न्यूमोनिया बराच पसरला होता. ताप जेमतेम होता. म्हातारपणी मोठा संसर्ग असूनही ताप चढत नाही, असं पुष्कळदा होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हणून आधीपासून डिमेन्शिया असलेल्यांबद्दल जास्त पोटतिडकीने सांगते. डेलिरियम होण्याचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच असतो, आणि ओळखू येण्याची शक्यता सर्वांत कमीही त्यांचीच, कारण प्रत्येक बदलावर ‘आजार वाढला’ हे उत्तर तयार असतं. आजार दोन दिवसांत एवढा वाढत नाही. त्यांची तुलना निरोगी माणसाशी करू नका, त्यांच्याच मागच्या आठवड्याशी करा. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात रोजचं वरखाली होणं मुळातच असतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी निगडित प्रकारात पायऱ्या उतरल्यासारखी घसरण होते, हे खरं. पण तिथेही अचानक झालेला बदल आधी तपासायचा, नंतर आजाराच्या खात्यावर मांडायचा. तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, जीभ जड होणं यांतलं काही दिसलं तर पक्षाघाताचा संशय धरून तत्क्षणी रुग्णालय गाठायचं. मागच्या काही आठवड्यांत माणूस पडलं असेल, डोकं आपटलं असेल, तर तेही न विसरता सांगायचं. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधीकधी उशिरा त्रास देतो.

कारणं कधी फार साधी असतात, आणि एका वेळी दोन-तीन असू शकतात. अंगातलं पाणी कमी होणं. रक्तातलं सोडियम उतरणं. ते साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं आणि लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी खाली येऊ शकतं. साखर फार कमी किंवा फार जास्त होणं. फुप्फुसाचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग. लघवी तुंबणं, चार-पाच दिवसांचं बद्धकोष्ठ, सांगता न येणारं दुखणं. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. इथे एक सूचना: वयस्कर माणसांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, त्यामुळे लघवीचा रिपोर्ट बिघडलेला दिसला की शोध थांबवू नका.

आणि औषधं. सर्दी-खाजेसाठी सहज दिली जाणारी क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन, वारंवार लघवीला जावं लागू नये म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलीन, चिंतेसाठी किंवा झोपेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम ही सगळी या वयात मेंदूला जड जाऊ शकतात. गेल्या पंधरा दिवसांत कोणती गोळी नवी सुरू झाली, कोणाचा डोस बदलला, कोणती बंद पडली, हे कागदावर लिहून न्या. बंद पडलेलीही महत्त्वाची आहे: रोजची झोपेची गोळी किंवा रोजचं मद्य एकाएकी थांबलं तरी डेलिरियम होतो. म्हणून आपल्या मनाने गोळ्या तोडू नका. आणि रात्रीच्या गोंधळावर उपाय म्हणून घरात पडलेली झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका. ओरडणारा डेलिरियम त्याने गप्प झाल्यासारखा दिसतो, पण बरा होत नाही. उलट गोंधळ वाढू शकतो, माणूस पडू शकतं.

रुग्णालयात असताना घरच्यांच्या हातात पुष्कळ असतं. ७० आणि त्यापुढच्या वयाच्या ८५२ रुग्णांवर येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना चष्मा-श्रवणयंत्र लावलं, पाणी पाजलं, चालवलं, स्थळकाळाचं भान देत गप्पा मारल्या, रात्री शांत झोपू दिलं, त्यांच्यात डेलिरियमचं प्रमाण ९.९ टक्के राहिलं; नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १५ टक्के. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागलं नव्हतं. ‘हरवेल’ म्हणून चष्मा आणि श्रवणयंत्र घरी ठेवून येणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं की ते घेऊन या. धूसर दिसणाऱ्या, अर्धवट ऐकू येणाऱ्या खोलीत भान टिकवणं धडधाकट माणसालाही अवघड जाईल.

डेलिरियम चालू असताना किंवा तो ओसरल्यावर लगेच डिमेन्शियाचं निदान करून घेऊ नका. संसर्ग आठ दिवसांत आटोक्यात येतो, पण भान परतायला कधी काही आठवडे, कधी महिने लागतात. काहींचं पूर्ण परतत नाही. आठवणीच्या चाचण्या त्यानंतर करायच्या. माझ्या ओळखीच्या एका घरात रुग्णालयातून सुटी होतानाच ‘आता हे असंच’ असं सांगितलं गेलं आणि वडिलांच्या बँकेपासून स्वयंपाकघरापर्यंतचं सगळं काढून घेतलं गेलं. दोन महिन्यांनी ते पुन्हा स्वतःचा हिशेब लिहू लागले, तेव्हा ते सगळं परत देताना घरच्यांना फार जड गेलं.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा ‘हल्ली फार विसरतात’ असं सांगू नका. त्या वाक्यावर पुढच्या आठवड्याची वेळ मिळते. असं सांगा: ‘बुधवारी रात्रीपर्यंत आई स्वतःच्या गोळ्या स्वतः मोजून घेत होती. गुरुवारी दुपारपासून ती मला ओळखत नाही, मध्येच नीट बोलते, मध्येच झोपेत गेल्यासारखी होते, आणि वार उलटे म्हणता येत नाहीत. आजच दाखवायचंय.’