बायबलमधील दिवसाचा आरंभ

बायबलप्रमाणे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, असे सर्रास सांगितले जाते. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, आणि सण यांपुरते ते खरेच आहे. पण अशी व्याख्या बायबलात कुठेही एका जागी दिलेली नाही. कथाभागातली माणसे तर बहुधा सकाळपासून सकाळपर्यंतचा दिवस धरून बोलतात. दोन्ही हिशेब एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात.

सारा वाद ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायातल्या पाचव्या वचनापासून सुरू होतो. ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ आणि पहिला दिवस भरला, असे तिथे म्हटले आहे. संध्याकाळ आधी आली म्हणून दिवसही संध्याकाळी लागतो, हा यहुदी परंपरेचा अर्थ. बाराव्या शतकात फ्रान्समधला भाष्यकार रशबाम याने मात्र हेच शब्द वेगळे वाचले: उजेड निर्माण झाला, तो मावळून संध्याकाळ झाली, मग पुन्हा उजाडले तेव्हा दिवस पुरा झाला. अशा अर्थाने लोक शुक्रवारची रात्र शब्बाथात धरणार नाहीत आणि शब्बाथ मोडतील, या काळजीने इब्न एज्रा या पंडिताने 1158 मध्ये इंग्लंडात असताना ‘शब्बाथाचे पत्र’ लिहिले. साक्षात शब्बाथाने स्वप्नात त्याच्याकडे पत्र धाडून गाऱ्हाणे मांडले, अशी त्याची मांडणी आहे. ‘योम’ या हिब्रू शब्दानेही गुंता वाढतो. त्याच वचनात उजेडालाही ‘योम’ म्हटले आहे आणि अख्ख्या अहोरात्रालाही. मराठीत ‘दिवस’ हा शब्द असाच दोन्ही कामे करतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण चटकन कळते.

नियमांच्या भागात संध्याकाळ ठळक आहे. बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकात 23:32 मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास ‘संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत’ पाळायला सांगितला आहे. विटाळ झालेला माणूस स्नान करून सूर्य मावळल्यावर शुद्ध होतो. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात नहेम्या यरुशलेमचा कारभार पाहत होता. शब्बाथाच्या आदल्या सांजेला वेशींवर सावल्या पडू लागताच त्याने दरवाजे बंद करवले आणि शब्बाथ सरेपर्यंत उघडू दिले नाहीत, कारण व्यापारी माल घेऊन आत शिरत होते.

तरीही उपासाचे ते वचन नीट वाचण्यासारखे आहे. उपास सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवसाचा, पण तो धरायचा ‘नवव्या दिवशी संध्याकाळी’. दिवस सूर्यास्तालाच बदलत असता, तर ती सांज दहाव्या दिवसाची म्हटली असती. बेखमीर भाकरीच्या सणाचा आरंभही असाच ‘चौदाव्या दिवशी संध्याकाळी’ सांगितला आहे. याचा अर्थ, तारखेची रोजची मोजणी सकाळपासून चालत असावी आणि सणांना संध्याकाळची सीमा मुद्दाम घालून दिली असावी. हे अनुमान आहे, पण वचनांच्या शब्दांना तेच अधिक जुळते. उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खायचे, सकाळपर्यंत ठेवायचे नाही, हा नियमही रात्रीला मागच्या दिवसाच्या पदरात टाकतो. यज्ञाच्या बाबतीत रात्र मागच्या दिवसाची असते, हे तालमूद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथही मान्य करतो.

सूर्य मावळणे आणि रात्र होणे यांतल्या वेळेला, म्हणजे आपल्या तिन्हीसांजेला, रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, फार जपून हाताळले. एक तारा दिसला तर दिवस, दोन दिसले तर संधिकाल, तीन दिसले तर रात्र, असे तालमूद सांगतो. म्हणून शब्बाथाचे दिवे शुक्रवारी सूर्यास्ताआधी लागतात आणि शब्बाथ सुटतो तो शनिवारी तारे दिसल्यावर. यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा ही वेळ शिंग फुंकून कळवत. 1968 मध्ये यरुशलेमात मंदिराच्या टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी उत्खननात एक पडलेला दगड सापडला. त्यावर ‘फुंकण्याच्या जागेसाठी’ अशा अर्थाची हिब्रू अक्षरे आहेत आणि पुढचा मजकूर तुटला आहे. याजक कुठे उभा राहून शब्बाथ लागल्याचे शहराला कळवत असे, हे त्या दगडावरून डोळ्यांसमोर येते.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, सूर्यास्ताचा हाच हिशेब गृहीत आहे. कफर्णहूमचे लोक आजाऱ्यांना येशूकडे आणतात ते सूर्य मावळल्यावर, शब्बाथ सुटल्यावर. येशूचा देह वधस्तंभावरून उतरवण्याची घाईही शब्बाथ लागण्याआधी ते उरकावे यासाठीच. शुभवर्तमान लिहिणारा लूक तिथे ‘शब्बाथ लागत होता’ म्हणतो, पण त्याच्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘उजाडणे’ असा आहे. म्हणजे शब्बाथ सांजेला उजाडतो! योहान मात्र पुनरुत्थानाच्या दिवसाची संध्याकाळ ‘त्याच दिवशी’ म्हणून सांगतो. रात्रीच्या पहाऱ्यांची गणतीही बदललेली दिसते. जुन्या करारात ते तीन आहेत, तर रोमी वळणाने मार्कच्या शुभवर्तमानात चार. मराठी भाषांतरातला ‘रात्रीचा चौथा प्रहर’ आपल्या कानाला त्यामुळेच परका वाटत नाही. मध्यरात्रीपासून दिवस मोजण्याची आजची रीत रोमी आहे, बायबलची नव्हे.

ख्रिस्ती उपासनेत जुनी सीमा अजून टिकून आहे. पूर्वेकडच्या चर्चांचा उपासनेचा दिवस सायंप्रार्थनेने सुरू होतो, आणि कॅथलिकांना रविवारची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, शनिवारी संध्याकाळी चालते. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती मंडळीचे आद्य सदस्य आधी संध्याकाळी सहापासून शब्बाथ धरत. 1855 मध्ये बायबलच्या अभ्यासावरून त्यांनी सूर्यास्ताची वेळ स्वीकारली.

कोकणात या हिशेबाची आठवण एका नावात राहिली आहे. रायगडच्या किनारपट्टीवरच्या बेने इस्राएल या यहुदी समाजातल्या कुटुंबांचा धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शेजाऱ्यांचा वार सूर्योदयाला बदलायचा, त्यामुळे त्यांना बंद घाणा दिसायचा तो शनिवारचा. शब्बाथाच्या नियमाने मात्र विसाव्याची वेळ शुक्रवारी दिवेलागणीलाच सुरू होते.