केळीची जनुकीय विविधता (खानदेश)

रानटी आणि लागवडीच्या केळींमधील आनुवंशिक फरक व नाती शोधणारा अभ्यास. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या तापीच्या पट्ट्यात तो थेट बागेशी येऊन भिडतो. इथला जाणता शेतकरी खोडाची उंची आणि घडाची ठेवण पाहून बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन वेगळी सांगतो. डीएनए चाचणीत मात्र ही तिन्ही जवळपास एकच ठरतात. तिन्ही कॅव्हेंडिश गटातली असून एकाच मूळ झाडात घडलेल्या किरकोळ बदलांतून वेगळी झाली आहेत. बीच धरत नसल्याने मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिले), कंद किंवा ऊतीसंवर्धित रोप यांतून तेच झाड पुन्हा उभे राहते.

खाण्याच्या बहुतेक केळी 'म्युसा अॅक्युमिनाटा' (ए) आणि 'म्युसा बाल्बिसियाना' (बी) या दोन रानटी जातींतून आल्या. १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १५ बाह्य लक्षणांना गुण देऊन त्यांची वर्गवारी केली. त्या वर्गवारीनुसार कॅव्हेंडिश 'एएए' (एकेक अक्षर म्हणजे त्या जातीकडून आलेला एकेक गुणसूत्रसंच) : गुणसूत्रे ३३, म्हणजे ११ चे तीन संच. सफेद वेलची 'एबी', कोकणातली राजेळी 'एएबी'. आता सूक्ष्म-उपग्रह खुणा (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) आणि जनुकक्रम वापरतात. अॅक्युमिनाटाचा जनुकक्रम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. केळीत हरितलवकाचा (पेशीतल्या हिरव्या कणांचा) डीएनए आईकडून, तर तंतुकणिकांचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांचा) बापाकडून येतो. त्यामुळे संकराचे दोन्ही पालक स्वतंत्रपणे शोधता येतात, आणि ही सोय फार थोड्या पिकांत मिळते. नमुन्यासाठी पोंग्यातले (न उलगडलेल्या गुंडाळीतले) कोवळे पान घेतात, कारण जून पानातला चीक डीएनए खराब करतो.

एकसारखेपणाची किंमत ग्रो मिशेल या वाणाने दाखवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर या बुरशीजन्य रोगाने लॅटिन अमेरिकेतील त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तिथे कॅव्हेंडिश आली. त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो. प्रतिकाराची जनुके रानटी केळींत शोधावी लागतात, म्हणून तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातील वाणसंग्रह मोलाचा आहे.

सातपुड्याच्या कड्यांवरची रानकेळ (चवई) ही 'एन्सेटे सुपरबम', म्हणजे वेगळ्या प्रजातीची. तिची गुणसूत्रे १८ असल्याने बागेतल्या केळीशी तिचा सहज संकर होत नाही. तिला मुनवेही फुटत नाहीत. एकदा फळून खोड मरते आणि पुढची पिढी केवळ बियांवर येते, त्यामुळे केळफूल भाजीसाठी तोडले की त्या झाडाचा वंश तिथेच थांबतो.