अंतर वाढलं, वेळ घटला

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर पट्टी ठेवून सापडत नाही. त्यासाठी पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा लागतो. तो रशिया ओलांडून आर्क्टिकवरून जातो आणि भरतो साधारण १२,४०० किलोमीटर. याहून कमी अंतराची वाट नाही.

एअर इंडियाचं विमान मात्र युरोप आणि अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर उडत जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच बदलली. पश्चिमेऐवजी पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून. अंतर झालं तब्बल १५,३०० किलोमीटर, आणि प्रवास उरकला साडेचौदा तासांत! जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

ही किमया वाऱ्याची. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते जन्म घेतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वाराही जोर धरतो. कधी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

आता हिशेब करून पाहा. १५,३०० भागिले साडेचौदा, म्हणजे ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. या मार्गावरचं बोइंग ७७७ हवेतून उडतं ताशी ९०० च्या आसपास. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिले, तेही उड्डाण आणि उतरतानाचा संथ वेळ धरून! विमानाचं इंजिन फक्त हवेतला वेग ठरवतं. ती हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीवरचं अंतर झपाट्याने कापलं जातं. जुन्या वाटेवर हाच वारा समोरून यायचा.

पृथ्वी खालून फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला हवं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, कारण पृथ्वीसोबत तिचं वातावरणही फिरत असतं. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, तोही प्रामुख्याने समोरच्या वाऱ्यामुळेच.

पॅसिफिकवरच्या त्या पहिल्या फेरीत तारखेचीही गंमत झाली. विमान १६ ऑक्टोबरला पहाटे दिल्लीहून निघालं, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच १५ तारखेत शिरलं आणि पुन्हा १६ च्याच सकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. परतीची वाट अटलांटिकवरून, म्हणजे तीही पूर्वेकडेच. जाऊन-येऊन प्रवाशांची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा झाली, दोन्ही वेळा वारा पाठीशी घेऊन.